निळ्या गाडीचे गचके

बिघडलेली गाडी समोर आली की बा चिलेक्वा आधी बॉनेट उघडत नाहीत, गाडीवाल्याचं तोंड उघडतात. कधी होतं? कुठे होतं? त्याआधी काय केलंस? नंतर काय केलंस? गाडीवाला वैतागतो. "अहो, गाडी बिघडलीय, मी नाही!" यावर बा चिलेक्वा शांतपणे म्हणतात, "ते अजून ठरायचंय."

त्यांच्या गॅरेजसमोरच माझी कढई असते. सकाळपासून मी पिठाचे गोड वितुंबुवे तळत बसते, त्यामुळे त्यांची सगळी उलटतपासणी मला बसल्याजागी ऐकायला मिळते. आमच्या बाजारात त्यांना 'गाड्यांचा भगत' म्हणतात. माणूस तसा सरळ नाही हं. सोंगट्यांच्या डावात धडधडीत लबाडी करतात, हिरवी लोकरीची टोपी भर उन्हातही डोक्यावरून काढत नाहीत, आणि माझा सगळ्यात फुगलेला वितुंबुवा न विचारता उचलतात. पण मी तोंडावर सांगत आलेय आणि आताही सांगते, या अख्ख्या रस्त्यावर असा दुसरा माणूस नाही.

एस्नातच्या गाडीचंच बघा ना.

एस्नातचा नवरा म्वेल्वा मागच्या थंडीत गेला. मागे राहिली ती, तिची पोरं आणि एक जुनी निळी पिकअप. म्वेल्वा नदीवरून सुकी मासळी आणून बाजारात विकायचा. तो गेल्यावर एस्नातच स्टिअरिंगवर बसली. बायका म्हणाल्या, हिला काय जमतंय! जमलं हो, चांगलं जमलं. मग गाडीनं खोड काढली.

पंपावर टाकी भरून ती नदीकडे निघायची. डांबरी रस्त्यावर गाडी वेग धरायची आणि बराच वेळ मजेत पळायची. मग अचानक गचके. असे की मागची टोपली पुढे यावी. जागा दर वेळी तीच, मुसुकूच्या झाडांखालची दफनभूमी. म्वेल्वाला तिथेच पुरलंय.

आता बोला! बाजाराला एवढं पुरे झालं. आणि सगळ्यात मोठ्यानं बोलला तो म्वेल्वाचा धाकटा भाऊ कासुबा. "दादा मागून गाडी धरतो. त्याची गाडी त्याच्या रक्ताच्या माणसांकडे यायला हवी, म्हणून धरतो. वहिनी, किल्ली दे, म्हणजे त्याला शांती मिळेल." शनिवारी घराण्यातल्या थोरांची बैठक होती. गाडी गेली असती तर एस्नातच्या घरात चूल कशावर पेटली असती? एका गाडीवर तिचं सगळं घर उभं होतं.

ती बा चिलेक्वांकडे आली. खरं सांगते, पहिल्यांदा तेही चुकले. बाजार कानाशी ओरडत होता, बैठक तोंडावर आलेली, म्हणून कधी नव्हे ते त्यांनी आधी बॉनेट उघडलं. कार्बोरेटर धुतला, फिल्टर बदलला, प्लग घासले. एस्नात गाडी घेऊन गेली आणि मुसुकूच्या झाडांशी गाडीनं परत गचके खाल्ले. कासुबा बाजारभर सांगत सुटला, "भगत हरला! माझ्या दादापुढे हरला!" बा चिलेक्वा त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. वितुंबुवे मात्र नेहमीइतकेच खाल्ले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी एस्नातला जुन्या टायरवर बसवलं.

"गचके बसले की काय करतेस?"

"थांबते. उतरते. थोडा वेळ तिथे असते. मग चालू होते आपोआप."

"आणि येताना?"

"येतानाही बसतात."

"त्याच झाडांशी?"

"नाही. अलीकडे. वीटभट्टीच्या पुढे ते मोठं वारूळ आहे ना, तिथे."

बा चिलेक्वांनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. "वारुळापाशी कोणाला पुरलंय?"

"कोणालाच नाही."

"मग हे आधी का नाही सांगितलंस, बाई?"

"कोणी विचारलंच नाही. तिथे आपलं कोणी नाही ना, मग सांगायचं काय?"

माझ्या हातातला झारा तेलात पडला. अगं बाई गं! सगळा बाजार महिनोन्महिने त्या दफनभूमीवर बोलतोय आणि वारुळाची कोणाला शुद्धच नाही.

"पेट्रोल कुठे भरतेस?"

"जाताना पंपावर. येताना नदीवर, डब्यातून ओतून घेते."

बा चिलेक्वांनी टोपी मागे सरकवली. डोक्यात काही पेटलं की ते असंच करतात. "म्हणजे टाकी उघडली की तिथून ठरावीक अंतर पळते, मग गचके," ते स्वतःशीच म्हणाले. "कासुबाला बोलव. उद्या सगळेच जाऊ."

कढई शेजारणीच्या स्वाधीन करून मीही गेले. हे चुकवते की काय! एस्नात गाडी चालवत होती, मी आणि कासुबा तिच्या शेजारी, बा चिलेक्वा मागे हौद्यात अनवाणी उभे. गाडीचं दुखणं तळपायाला आधी कळतं असं त्यांचं म्हणणं. पंपावर टाकी भरली. गाडी सुसाट निघाली आणि मुसुकूची झाडं दिसली तशी, झालं, गचक, गचक, गचक. माझं कपाळ काचेवर आपटलं.

"बघितलंत? आला दादा!" कासुबा ओरडला.

गाडी थांबली. बा चिलेक्वांनी खाली उडी मारली, पण बॉनेटकडे गेलेच नाहीत. थेट टाकीपाशी जाऊन त्यांनी झाकण फिरवलं. फुस्सऽऽ! टाकीनं एवढ्या जोरात हवा ओढली की मला पुढे बसून ऐकू आलं.

"दादा नाही आला," बा चिलेक्वा म्हणाले, "हवा आली. लाव चालू."

गाडी तत्काळ चालू झाली.

त्यांनी झाकण उलटं करून दाखवलं. आतून सगळं पिवळ्या साबणानं लिंपलेलं. आमच्याकडे टाकी पाझरली की साबण लावतात, त्यात नवल नाही. पेट्रोलनं साबण विरघळत नाही. नदीकडची वाट खडबडीत, झाकणातून पेट्रोल सांडायचं, म्हणून म्वेल्वाही लावायचा.

"तो कडेकडेनं लावायचा, काजळाच्या बोटानं लावल्यासारखा," बा चिलेक्वा म्हणाले. "तू तर जमीन सारवलीस, एस्नात! या झाकणाला एक बारीक भोक असतं, ते बुजलं. पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला नको? भोपळ्याच्या तुंब्याला घट्ट तोंड लावून मुन्कोयोची आंबील ओढत राहिलं की शेवटी घोट येईनासा होतो ना, तसं. गावात हळू चालवतेस, तिथे कळत नाही. इथे पळवतेस, इंजिनाला घोट पुरत नाही, मग ते गचके खातं. थांबलीस की फटीतून हळूहळू हवा शिरते."

एस्नात खाली उतरली. झाकण हातात घेऊन बघत राहिली.

कासुबा कसला ऐकतोय! "हे सगळं बोलणं झालं. गाडी थांबली ती दादाच्या कबरीपाशीच."

"बरं," बा चिलेक्वा म्हणाले. "मग आता तुझ्या दारात थांबवू?"

आणि या माणसानं खरोखर ते केलं. साबण होता तसा परत थापला. पंपापासून इथवरचं अंतर त्यांनी मैलाच्या दगडांवरून मनात धरलं होतं. कासुबाचं घर गावापलीकडे याच रस्त्याला. झाकण सैल ठेवून त्यांनी गाडी त्या घराच्या पुढे दूरवर नेली, वळवली, झाकण घट्ट बंद केलं, आणि एस्नातला म्हणाले, "चल, पळव."

अंदाज थोडा चुकला. गाडी कासुबाच्या दारात नाही थांबली. जरा पुढे जाऊन, गचके खात, त्याच्या संडासासमोर बंद पडली. कोंबड्या पळाल्या, कासुबाची बायको पीठ चाळता चाळता बाहेर आली.

बा चिलेक्वांनी हौद्यातून खाली वाकून अगदी आदरानं विचारलं, "कासुबा, इथे कोणाला पुरलंय रे?"

त्याची बायको जी हसत सुटली! चाळण तशीच टाकून जमिनीवर बसली बिचारी. मीही डोळे पुसत होते. कासुबाचा चेहरा आधी फुगला, मग उतरला. पण मी म्हणेन, शेवटी तो म्वेल्वाचाच भाऊ. खाली उतरला, स्वतःच्या हातानं झाकण फिरवलं, फुस्स ऐकलं आणि मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, गाडी तुझी आहे. शनिवारी मीच सांगतो." शनिवारी त्यानं सांगितलंही.

कासुबाकडून परतलो त्याच दुपारी गॅरेजमध्ये बा चिलेक्वा बाभळीच्या काट्यानं झाकणाचं भोक मोकळं करत बसले होते. मी त्यांना सगळ्यात फुगलेला वितुंबुवा नेऊन दिला, आपणहून. बघते तर एस्नात टायरवर बसून रडतेय.

"आता काय झालं?" मी म्हटलं. "गाडी राहिली ना तुझी? हस की जरा!"

"राहिली," ती म्हणाली. "पण म्हणजे तो मला थांबवत नव्हता."

मी तिच्याशेजारी दुसऱ्या टायरवर टेकले.

"लोक म्हणायचे तो रागावलाय. मला नाही वाटलं कधी तसं. गाडी थांबली की मी खाली उतरायचे, त्याच्याजवळ बसायचे. पोरांचं सांगायचे, मासळीचा भाव सांगायचे. मग गाडी चालू व्हायची, मला वाटायचं, जा म्हणाला." तिनं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "बा चिलेक्वा, थोडासा साबण राहू दे ना."

बा चिलेक्वांनी काटा खाली ठेवला. आणि टोपी काढली. एवढ्या वर्षांत त्यांचं टक्कल मी पहिल्यांदा पाहिलं.

"साबण नको," ते म्हणाले. "पोरी, ब्रेक आहेत की गाडीला. मीच बसवलेत. चांगले लागतात."

पुढच्या खेपेला मी एस्नातबरोबर नदीवर गेले. गाडी लोण्यासारखी पळत होती, एक गचका नाही. मुसुकूची झाडं आली. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.

ब्रेक खरंच चांगले लागतात.