छातीत शिरलेला हात

अप्पांना लकवा मारला तेव्हा निलंग्यातलं आमचं कापडाचं दुकान ते एकटेच बघत होते. बोलणं शाबूत राहिलं, पायही हळूहळू सावरला. डावा हात मात्र कोपरात मुडपला तो मुडपलाच, मूठ वळलेली. कुणी बोट लावलं तर कळायचं, पण हलवता यायचा नाही.

दुकानाचं त्यांना फारसं वाटलं नाही. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात, त्याचाच त्यांना घोर लागला होता. लिंग उजव्या हातात धरलं तर बेल वाहायचा कशानं? अव्वा, म्हणजे माझी आई, शेजारी बसून बेल वाहायची. अप्पा पूजा उरकल्यासारखी करायचे.

मी लातूरला शाळेत शिकवते. दोघांना माझ्याकडं घेऊन आले आणि घराजवळच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात अप्पांना न्यायला लागले. तिथल्या मॅडम वयानं माझ्याहून लहान, मूळच्या नांदेडच्या, घरी दखनी बोलणाऱ्या. एके दिवशी त्यांनी दाढीच्या मशीनएवढं एक यंत्र काढलं. टोकाला रबरी गोळा होता.

"यानं आखडलेला हात सैल पडतो, काका. जरा वेगळं वाटेल. घाबरू नका."

त्यांनी अप्पांचा हात टेबलावरच्या उशीवर ठेवून पट्ट्यानं बांधला, डोळे मिटायला सांगितले आणि कोपराच्या मागं, जरा वर, तो गोळा टेकवला. भुंग्यासारखा बारीक आवाज सुरू झाला.

थोड्या वेळानं अप्पा म्हणाले, "हलला."

मी हाताकडं बघितलं. हात जिथल्या तिथं होता.

"तुम्ही उचलून राहिलात का, मॅडम?"

"न्हाई काका. मी नुसती मशीन धरलीय. कुठं चाललाय सांगा."

"वर येऊन राहिला. माझ्याकडं." लकवा झाल्यापासून त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी बघितला नव्हता. मला वाटलं, आता रडतील. मग कपाळावर आठी पडली. "छातीला लागला... बास. बास करा. आत चाललाय." श्वास वाढला. "आत शिरला हो हात!"

मॅडमनी मशीन बंद केली. अप्पांनी डोळे उघडले आणि उशीवरच्या हाताकडं बघत राहिले. उजव्या हातानं छाती चाचपली, पुन्हा तिकडं बघितलं.

"मग तो कुणाचा होता?" त्यांनी विचारलं.

मॅडमनी समजावलं. स्नायू असा थरथरला की मेंदूला वाटतं तो ताणला गेलाय. दंडाचा मागचा स्नायू ताणला जातो तो हात दुमडल्यावर, म्हणून हात दुमडत चालल्याचा भास होतो. डोळे उघडे असले की फसगत बहुतेक टळते. त्यांना हे रोजचंच होतं.

मला ते पटलं नाही. आजारपणानं अप्पांचं मन हळवं झालंय, असं वाटलं. म्हटलं, मला लावून बघा. त्यांनी मला नाकाचा शेंडा चिमटीत धरायला लावला, डोळे मिटवले आणि गोळा या वेळी कोपराच्या पुढच्या बाजूला टेकवला.

आधी नुसती गुदगुली झाली. मग हात लांब जायला लागला. चिमूट तर सुटली नव्हती, म्हणून हाताबरोबर नाकही निघालं. हातभर गेलं, समोरच्या भिंतीपर्यंत गेलं असावं. माझा चेहरा कुठं संपतो तेच मला कळेना. हसू यायला हवं होतं. मी ओरडले.

मॅडमनी मशीन बंद केली आणि अप्पांचा पट्टा सोडला. त्यांनी हात धरून हलकेच ओढला, तर कोपर सरळ झालं. इतके महिने झालं नव्हतं.

तरी घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "मी न्हाई जाणार आता."

अव्वानं त्यांच्यापुढं ताट ठेवलं. "हात उघडला की न्हाई? भ्या वाटलं तर डोळे मिटू नका. माझ्याकडं बघत बसा."

पुढच्या वेळेपासून अव्वा समोर स्टुलावर बसायची आणि अप्पा तिच्याकडं एकटक बघत राहायचे. रोजचा व्यायामही चालूच होता. हिवाळा सरता सरता बोटं सुटली. एका सकाळी त्यांनी लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि उजव्या हातानं स्वतः बेल वाहिला. त्यांनी कुणाला आधार देऊ दिला नाही. अव्वा आत निघून गेली.

आता ते निलंग्याला परत गेलेत. एक सवय मात्र लागली आहे. दुपारी आडवे झाले की डोळे मिटायच्या आधी विचारतात, "हात कुठंय गं?" जो जवळ असेल त्यानं सांगायचं, "उशीवर हाय." मगच झोपतात.

मागच्या रविवारी मी तिथं होते. भाजी निवडत होते. त्यांनी विचारलं, मी न बघताच सांगितलं, "उशीवर हाय, अप्पा." ते घोरायला लागले. नंतर मान वर केली तर डावा हात खाटेखाली लोंबत होता आणि बोटं सावकाश उघडत होती, मिटत होती. मी अप्पांच्या चेहऱ्याकडं बघितलं. गाढ झोप.

हात उचलून उशीवर ठेवला. चांगला जड होता, आणि गरम. संध्याकाळी मी अव्वाला यातलं काही सांगितलं नाही.