दुपट्ट्यातले संशयित

स्क्रीनवर शकीलभाईंच्या डोक्याभोवती लाल चौकट आली आणि नवी सिस्टिम मंजूर करायला मुंबईहून आलेले साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "सापडला."

शकीलभाई आमच्याच गेटवर उभे होते. तोंडाला दुपट्टा, हातात वायरचं भेंडोळं, खांद्यावर गॅसचं छोटं सिलिंडर. त्यांना मीच बोलावलं होतं. सर्व्हर रूमचा एसी सकाळी बंद पडला होता, आणि अकोल्यात मे महिन्यात एसीवाला मिळणं म्हणजे देव भेटणं.

मी अमरावतीची, इथल्या कंट्रोल रूममध्ये सिस्टिम इंजिनीअर. आमचं मॉडेल, म्हणजे ढीगभर फोटो बघून शिकलेलं यंत्र, कॅमेऱ्यातल्या माणसाला संशयाचे गुण देतं. तोंड झाकलं की गुण वाढतात. ते कुठल्या थंड हवेत शिकलं देव जाणे. आमच्याकडे उन्हाळ्यात जो तोंड उघडं टाकून फिरतो, त्याची लोक काळजी करतात. सकाळपासून त्याने एक भाजीवाली, दोन नर्स आणि एक मास्तर पकडले होते. मी एकेकापुढे 'चूक' दाबत बसले होते.

पण साहेबांना एक तरी खरा हवा होता. राष्ट्रीय सुरक्षेत एआयला अव्वल प्राधान्य, त्यात राज्याराज्यांत चढाओढ. रिपोर्टात 'पकडलेले संशयित' असा रकाना होता आणि शेजारच्या राज्याने म्हणे तो भरलासुद्धा.

साहेबांनी गेटवर फोन करून शकीलभाईंना बसवून ठेवायला सांगितलं आणि नाव विचारलं. नाव ऐकल्यावर तर त्यांची खात्रीच पटली. यंत्राला नाव कळत नव्हतं, साहेबांना कळत होतं. मला संताप आला.

"कन्फर्म करा," ते म्हणाले.

कन्फर्म म्हणजे नाव वॉचलिस्टमध्ये, सगळ्या सरकारी गेटांवर जाणाऱ्या संशयितांच्या यादीत. ते काढायचं बटण पुढच्या फेजमध्ये येणार होतं. शकीलभाईंची निम्मी कामं सरकारी ऑफिसांतली. एकाही गेटने त्यांना परत आत घेतलं नसतं. मी सांगितलं, हा आपला मेकॅनिक आहे, बारा वर्षं ओळखते. साहेब म्हणाले, ओळख हा डेटा नाही.

तेवढ्यात शकीलभाईंचाच फोन आला. "मॅडम, तुमी बलावलं म्हनून आलो. आता मले काहून बसवून ठेवलं? तिकडं तुमच्या मशिनी तापून राहिल्या असतीन."

तापतच होत्या. साहेबही तापले आणि चौकशी स्वतः करतो म्हणून निघाले. दारातल्या हवालदाराने त्यांना थांबवलं. "साहेब, असेच जासान तं ऊन लागन," म्हणत स्वतःचा दुपट्टा त्यांच्या तोंडाभोवती घट्ट बांधून दिला.

दोन मिनिटांत स्क्रीनवर दुसरी लाल चौकट आली. तोंड झाकलेलं, कानाला फोन, गेटपाशी येरझाऱ्या. गुण शकीलभाईंपेक्षा जास्त.

मी फोन लावला. "साहेब, तुमचा अलर्ट आलाय. कन्फर्म करू?"

स्क्रीनवर त्यांनी मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "दोन्ही चूक करा."

शकीलभाईंचं लगेच केलं. साहेबांचं चहा पिऊन केलं.

तासाभरात एसी सुरू झाला. रकान्यात साहेबांनी 'निरंक' लिहिलं. तेव्हापासून कुठलीही नवी सिस्टिम आली की मी तिची पहिली चाचणी ती मंजूर करणाऱ्यावरच घेते.