दोन्ही सभांच्या खुर्च्या

खुर्चीशेठ कुणावरही विश्वास ठेवत नसत. दूधवाला म्हणाला, आज दूध घट्ट आहे, की ते आधी पातेल्यात डोकावत आणि मग दूधवाल्याच्या डोळ्यांत. सभा-समारंभांना खुर्च्या भाड्याने द्यायचा त्यांचा धंदा. शेठ हे नाव गल्लीने थट्टेने ठेवलेलं; खरं तर हातगाडी ढकलण्यापासून खुर्च्या पुसण्यापर्यंत सगळं तेच करत. खुर्च्या ठेवायला जागा म्हणजे घरामागचा बोळ. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकवून त्यांनी खुर्च्यांच्या चळती रचल्या होत्या. डोळ्यांसमोर असलेल्या बऱ्या, कुणी पळवायला नको. लग्न होऊन दोघं त्या घरात राहायला आली तेव्हापासून ती खिडकी काही उघडली नव्हती.

गल्ली जुनी, घरं दुमजली नाही तर तिमजली. मग पालिकेने शहराचा नवा नकाशा काढला आणि त्यात या गल्लीचा रंग बदलला. आता इथे उंच इमारती चालणार होत्या. रंग वाळायच्या आत एक बिल्डर हजर झाला. सगळी घरं पाडून एकच वीस मजली इमारत, जुन्या माणसांना त्यातच नवी घरं, असा त्याचा बेत. झालं, गल्लीचे दोन तट पडले. हो म्हणणाऱ्यांचा पुढारी कोपऱ्यावरचा औषधवाला. नाही म्हणणाऱ्यांचे पुढारी निवृत्त मास्तर. हे मास्तर राहायचे औषधवाल्याच्या दुकानाच्या बरोबर वरच्या मजल्यावर, आणि दोघांचं बोलणं आता जिन्यातसुद्धा बंद होतं.

दोन्ही तटांच्या सभा होत आणि दोन्हींना खुर्च्या यांच्याच. सभा संपेपर्यंत खुर्चीशेठ मागच्या रांगेत बसून राहत, खुर्च्या परत न्यायच्या म्हणून.

"शेठ, तुम्ही कुणाच्या बाजूचे?" औषधवाल्याने एकदा विचारलं.

"मी खुर्च्यांच्या बाजूचा," ते म्हणाले.

मनात मात्र त्यांना दोन्ही बाजूंना काळंबेरं दिसत होतं. औषधवाला एवढा पुढे पुढे करतो, त्याला आतून काहीतरी कबूल झालं असणार. आणि मास्तर? त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात, जावई बांधकामाच्या धंद्यात. विरोध करून भाव वाढवायचा डाव नसेल कशावरून?

पालिकेत हरकतींची सुनावणी ठरली. त्याआधी मास्तरांनी दार लावून सभा घेतली. हुकमाचा पत्ता त्यांनी तिथे काढला. गल्ली इतकी अरुंद की आगीचा बंब वळणारच नाही. मग वीस मजल्यांना आग लागली तर विझवणार कोण? अग्निशमन दलातला एक निवृत्त अधिकारी साक्षीला येणार होता. "हे सुनावणीपर्यंत कुणाच्या कानावर जाता कामा नये," मास्तर ओरडून म्हणाले. त्यांना ऐकायला कमी येई, त्यामुळे ते कुजबुजले तरी ओरडल्यासारखंच वाटे.

दोनच दिवसांत बिल्डरची माणसं गल्लीत मोजमापाच्या फिती घेऊन हजर. इमारत मागे सरकवणार, पुढचा रस्ता रुंद करणार, बंब आरामात फिरेल, असं औषधवाला दुकानावर येईल त्याला ऐकवू लागला. मास्तरांचा हुकमाचा पत्ता उघडा पडला.

पुढच्या सभेला खुर्चीशेठ हातगाडी घेऊन गेले, तर मास्तर दारात आडवे.

"आज खुर्च्या नकोत. आम्ही सतरंजीवर बसू."

"गुडघे दुखतात ना तुमचे?"

"गुडघे दुखलेले परवडतात," मास्तर म्हणाले, आणि जमलेल्या सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

खुर्चीशेठांना समजायला वेळ लागला. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांवर संशय घेतला. त्यांच्यावर कुणी घेईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. भरलेली गाडी ढकलत ते घरी आले. कोण असेल? त्या सभेत काय बोलणं झालं ते त्यांनी फक्त एका माणसाला सांगितलं होतं, जेवताना. बायकोला.

आणि एकदा हा किडा डोक्यात शिरल्यावर सगळंच जुळायला लागलं. हल्ली ती दुपारी बाहेर जायची. केस विंचरून, चांगली साडी नेसून. कुठे, तर "जरा पाय मोकळे करून येते." हीच बाई पूर्वी पाय मोकळे करायला अंगणापलीकडे जात नव्हती.

दुसऱ्या दुपारी ते तिच्या मागे निघाले. ती मोठ्या रस्त्यावर वळली, औषधवाल्याच्या दुकानावरून न थांबता पुढे गेली आणि सरळ बिल्डरच्या ऑफिसात शिरली. म्हणजे घरचाच भेदी! थोडा वेळ ते रस्त्यापलीकडे उभे राहिले, मग राहवेना म्हणून आत गेले.

आत गिऱ्हाइकांना दाखवायला एक नमुन्याचं घर बांधलेलं होतं. गुळगुळीत फरशी, कुणी कधी न झोपलेला पलंग. बायको त्या घराच्या स्वयंपाकघरात एकटीच उभी होती. खिडकीची काच ती सरकवत होती, लावत होती, पुन्हा सरकवत होती. खिडकीबाहेर हिरवीगार झाडं. खुर्चीशेठांनी जवळ जाऊन पाहिलं. मागच्या फळीवर झाडांचा फोटो चिकटवला होता.

"अगं, हे चित्र आहे," ते म्हणाले.

ती दचकली नाही. "दिसतंय मला. आपल्याकडे चित्रसुद्धा नाही. तुमच्या खुर्च्यांचे पाय आहेत."

"इथे कुणाला भेटतेस? काय काय सांगितलंस यांना?"

"काय सांगणार? बाहेरच्या टेबलावरची पोरगी पाणी विचारते, मी नको म्हणते." मग ती त्यांच्याकडे वळली. "आणि आता ऐकाच. मी संमतीची सही केलीय. घर माझ्या बाबांनी माझ्या नावावर केलंय, सही माझीच लागते."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर काय केलं असतंत? दूधवाल्याकडे बघता तसं महिनाभर माझ्याकडे बघितलं असतंत. आत्ता बघताय तसंच."

तिने बातमी फोडली नाही, हे त्यांना अर्धंमुर्धं पटलं. पण सही लपवणारी दुसरंही काही लपवू शकते, हा विचार काही जाईना. ताटात भाजी पडली की ते वर न बघता जेवत. तीही वाढून बाजूला होई.

चार-पाच दिवसांनी त्यांचा गुडघा धरला, म्हणून ते मलम घ्यायला औषधवाल्याकडे गेले. संध्याकाळची वेळ. औषधवाला खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून बसला होता. वरच्या उघड्या खिडकीतून मास्तरांचा आवाज येत होता, सभेत असावा तसा खणखणीत. मास्तर फोनवर मुलीशी बोलत होते. "अगं, आता आम्ही पाण्याचा मुद्दा घेणार! नळाला आत्ताच पाणी नाही, वीस मजल्यांना कुठून देणार? पण कुणाला बोलू नकोस हं, जावयांनासुद्धा नाही!"

औषधवाल्याने डोळे उघडले. समोर खुर्चीशेठ.

"रोज असतं का हे?" खुर्चीशेठांनी विचारलं.

"मी काय कान बंद करून दुकान चालवू?" औषधवाला म्हणाला. "मलम कुठलं देऊ?"

मलम न घेताच खुर्चीशेठ जिना चढले. ओठांवर वाक्य तयार होतं. एवढ्या लोकांत मान खाली घालायला लावलीत, मास्तर, आणि ढोल तुम्हीच बडवत होतात! दार उघडलं. मास्तरांच्या हातात अजून फोन होता, आणि चेहऱ्यावर हसू. लेकीशी बोलल्यावर माणूस हसतो तसं. खुर्चीशेठांना पाहून ते मावळलं.

"काय हवंय?"

खुर्चीशेठ आत गेले, रस्त्याकडची खिडकी ओढून लावली आणि कडी घातली.

"गार वारा आहे," ते म्हणाले. "संध्याकाळी ही लावून बसत जा."

मास्तरांना यातही काहीतरी डाव वाटला असणार, पण खिडकी त्यांनी लावून ठेवली. आणि पकडला गेल्यामुळे असेल, औषधवाल्यानेही पाण्याचं बिल्डरच्या कानावर घातलं नाही. सुनावणीत पाण्याचा मुद्दा असा अचानक आला की बिल्डरच्या वकिलाला फायली उलटाव्या लागल्या. वीसचे अकरा मजले झाले. इमारत मात्र व्हायचीच ठरली.

कामावर लक्ष ठेवायला रहिवाशांची समिती नेमायची वेळ आली, तेव्हा दोन्ही तटांना पटेल असं एकच नाव निघालं. "हा माणूस सिमेंटच्या पोत्यावरही संशय घेईल," औषधवाला म्हणाला. सगळ्यांचे हात वर गेले. बायकोचा गेला नाही. का, ते त्यांनी विचारलं नाही. पण त्याच दिवशी त्यांनी बोळातल्या चळती उचलून दुसऱ्या भिंतीला लावल्या. घर पाडायला तेव्हा जेमतेम दोन महिने उरले होते.

मास्तर मुलीकडे राहायला निघाले. टेम्पोत सामान बांधायला खुर्चीशेठ गेले होते. दोरीची गाठ मारताना मास्तर शेजारी येऊन उभे राहिले.

"मला वाटायचं, तूच सांगितलंस."

"ठाऊक आहे," खुर्चीशेठ मोठ्याने म्हणाले.

"मग कोण असेल रे?"

"भिंतीला कान असतात, मास्तर. आता भिंतीच पाडतायत, सोडा."

मास्तरांना कितपत ऐकू गेलं कोण जाणे. त्यांनी मान हलवली आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. टेम्पो निघाला. खुर्चीशेठ वळेपर्यंत तो कोपऱ्यावर पोचलाही होता, आणि औषधवाला दुकानाच्या पायरीवर येऊन हात हलवत होता.