टायगरवरचा नंबर

रणगाड्याचं मॉडेल बनवणाऱ्यांना किस्से शोधावे लागत नाहीत. एक तुकडा हरवला की एक किस्सा! आमच्या टायगरचे तुकडे तर काही शे होते, म्हणजे अंदाज घ्या.

आम्ही तिघं. मी, कॅम्प तीन नावाच्या वसाहतीत जीन्सचा कारखाना चालवणारा किशन आणि अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले टर्नर, सावंतकाका. दर रविवारी सकाळी हेंद्रेपाड्यात काकांच्या हॉलमध्ये बसायचं आणि महायुद्धातला टायगर हा अवजड जर्मन रणगाडा वीतभर आकारात उभा करायचा.

* * *

एकदा चिमट्यातून रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्याची कडी उडाली. "हलू नका!" काका ओरडले. आम्ही पुतळे!

टॉर्च लावून सोफ्याखाली शोधलं. तेवढ्यात काकी झाडू घेऊन दारात. त्या झाडूने आधीच रणगाड्याचं एक झाकण गिळलं होतं.

कडी सापडली किशनच्या पँटच्या दुमडीत. "अपने कारखाने का माल है," तो म्हणाला, "कुछ गिरने नहीं देता!"

* * *

तोफेची नळी चिकटवताना काकांचा उजवा हात थरथरला.

"पंखा बंद कर रे."

ऐन मे महिन्यात मी पंखा बंद केला. तिघंही घामाने निथळलो, पण हात काही थांबेना.

"काका, लाइट भी बंद करूं?" किशनने विचारलं. आम्ही हसलो खरे, पण मला भीती वाटली. काकांच्या वडिलांना शेवटी शेवटी चहाचा कपसुद्धा धरता येत नव्हता.

"डॉक्टरला दाखवा ना," मी म्हटलं.

"डॉक्टर नाव सांगतो. नाव कळलं की ते घरातच राहायला येतं."

* * *

टरेटवर, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटावर, चिकटवायचे नंबरांचे स्टिकर किशनने मिनिटभरासाठी पाण्यात भिजवले आणि फोनवर गिऱ्हाइकाशी भांडत बसला. अर्ध्या तासाने बघतो तर सगळे आकडे सुटून, गुंडाळी होऊन वाटीत तरंगतायत!

"पानी पी जाऊं क्या?" किशन रडवेला झाला.

काका मात्र खूश. "मी रंगवतो हाताने. सरळ आला तर डॉक्टरचं नाव काढायचं नाही. वाकडा आला तर उद्याच जातो."

"ठरलं," काकी आतून म्हणाल्या.

पुढचे तीन रविवार काकांनी आम्हाला बोलावलंच नाही.

* * *

चौथ्या रविवारी गेलो. काकांनी ब्रश उचलला. मला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. एक. तीन. एक. आकडे अगदी छापल्यासारखे!

किशनने टाळ्या वाजवल्या. मी वाजवणार, तेवढ्यात माझं लक्ष गेलं. ब्रश काकांच्या डाव्या हातात होता आणि उजवा हात मांडीखाली दाबलेला होता.

काकी चहा घेऊन आल्या. रणगाड्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"छान आलाय हो नंबर," त्या म्हणाल्या. "आता कप उजव्या हाताने घ्या."