पक्कड देवाजवळ होती

विमानं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे निवृत्तीनंतरही मधूनमधून बोलावणं येतं. पुण्यात चौकशीला बसणाऱ्यांची वानवा नाही. नट कशानं सुटला हे सांगणारा माणूस मात्र शोधून आणावा लागतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मला असंच आणलं.

धायरीतल्या एका फिटरनं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं खपून एका माणसापुरतं विमान बनवलं होतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर ते पहिल्यांदा उडवायचं, हे त्यानं आधीच ठरवलेलं. शहराबाहेरच्या माळावर त्यानं दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्या फेरीत विमानाचं नाक खाली गेलं ते वर आलंच नाही. तो जागीच गेला.

घरी बनवलेलं विमान म्हटल्यावर मी मनातल्या मनात निकाल लावूनच गेलो होतो. ढिगारा पाहिला आणि तोंडात मारल्यासारखं झालं. एकेक रिव्हेट ओळंब्यात, वेल्डिंग असं की आमच्या वर्कशॉपमध्ये मी पोरांना दाखवायला नेलं असतं. अशा हाताच्या माणसाची चूक शोधायची, याचं मला वाईट वाटलं, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

चूक चौथ्या दिवशी सापडली. शेपटीच्या ज्या फळीनं विमानाचं नाक वरखाली होतं, तिचा दांडा एका बोल्टनं जोडलेला असतो. नट फिरू नये म्हणून त्यातून एक बारीक पिन आरपार घालायची आणि तिची टोकं पक्कडीनं वळवायची. तो बोल्ट माळावर गवतात मिळाला. आटे शाबूत होते, म्हणजे तो तुटला नव्हता. नट फिरत फिरत निघून गेला होता. पिनेच्या भोकाला एक ओरखडाही नव्हता. तिथे पिन कधी बसलीच नव्हती.

मग शेड पाहायला गेलो. दार त्याच्या बायकोनं उघडलं. पाटावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची सुकलेली फुलं. खंडेनवमीची पूजा तशीच राहिली होती, उचलायला माणूसच उरला नव्हता. पक्कड मधोमध होती.

"नवमीला तरी गप बसावं का नाही?" ती सांगू लागली. नवऱ्याची एखादी खोड सांगावी तसं सांगत होती. "पूजा झाली, नैवेद्य झाला, आन् हे आले. म्हणाले, पक्कड दे, एका मिनिटाचं काम राहिलंय. म्हटलं, देवाजवळ ठेवलेलं उचलत्यात का? उद्या करा. तर हसले, आन् हात जोडून गेले."

मी वहीत काहीतरी लिहिल्याचं नाटक केलं.

अहवालात मी लिहिलं, पिन बसवलेली नव्हती. ती का बसवली नव्हती याला रकाना नसतो, हे किती बरं आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. पण अहवालाची प्रत तिच्या घरी जाणार होती. कुणीतरी वाचून दाखवणार, त्यापेक्षा आपणच सांगावं, म्हणून पुन्हा धायरीला गेलो. तिनं चहा दिला. मी बोल्ट, नट, पिन सगळं सांगितलं, पक्कड तेवढी वगळून.

तिनं पदर नीट केला आणि विचारलं, "साहेब, ती पिन पक्कडीनं बसवत्यात का?"

"नाही ताई," मी म्हणालो. "हातानंच बसते."

कागदावर मी कधी खोटं लिहिलं नाही. तोंडानं बोललो ते तेव्हा पहिल्यांदाच.

मी निघायला उठलो. तेव्हा ती म्हणाली, "सहा वर्षं त्यांच्या हातात हत्यारं मीच देत व्हते, साहेब. पिन म्हटली की पक्कड, एवढं मला कळतंय. तुम्ही सांगता का बघत व्हते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठलो होतो तो पुन्हा बसलो, आणि सगळं खरं सांगितलं. तिला सोडवायला म्हणून शेवटी म्हणालो, "पण ताई, तुम्ही उद्या करा म्हणालात, त्यात काय चुकलं? दसऱ्याला सकाळी अक्षता टाकून पक्कड उचलता आली असती. मुहूर्ताच्या घाईत ते विसरले. चूक त्यांची आहे."

तिनं मान हलवली.

"ते विसरभोळे व्हते, त्यांना ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "रात्री झोपताना मला म्हणाले, सकाळी पक्कडीची आठवण कर. मी पुरण वाटत बसले."