महेश्वरीचं जाकीट

विमानात बसायला वेगळे कपडे लागतात हे मला माझ्या पोरीनं शिकवलं. मी शाळा चौथीपर्यंत शिकलो आणि सातपूरच्या कंपनीत प्रेस मशीनवर जन्म काढला. आमचे प्रवासाचे कपडे म्हणजे मळले तरी चालतील ते. चांगला जोड पिशवीत, उतरल्यावर स्टँडवरच कुठंतरी आडोशाला बदलायचा. लग्नाला जातानाही तसंच. पोरीचं उलटं. ती नटून निघते आणि हॉटेलात पोचली की जुना टी-शर्ट घालून बसते. पुण्यात नोकरीला आहे. शुक्रवार आला की चाकाची बॅग घेऊन कुठल्या तरी शहरात जायचं, दोन दिवस खायचं-फिरायचं, सोमवारी कामावर हजर. निघताना विमानतळावर उभं राहून फोटो काढायचा. त्याला एअरपोर्ट लूक म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं होतं, विमान तुला बघायला येतं की तू विमानाला? तिची आई हसली होती. तेव्हा ती होती.

ती गेल्यावर पोरीचं फिरणं थांबलं. दर शनिवारी नाशिकला यायला लागली. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघं टीव्ही लावून बसायचो, बघत कोणीच नसायचं. ती स्वयंपाक करायची, मी मीठ कमी आहे म्हणायचो, ती मीठ आणून आपटायची. असे बरेच शनिवार गेले. मग एकदा तीच म्हणाली, पप्पा, आपण इंदूरला जाऊ. ओझरहून विमान आहे, बसलं की उतरलं. सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाऊ, राजवाडा बघू, मावशीला भेटू.

मावशीचं नाव तिनं शेवटी घेतलं, पण सगळा बेत त्यासाठीच होता हे मला कळलं. माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, माझ्याशी बोलत नव्हती.

आमच्यात बाई सवाष्ण गेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ माहेरचं घालतात. सासरचं कितीही भारी असो, माहेरचं आल्याशिवाय उचलत नाहीत. हिचा भाऊ आधीच गेलेला. माहेर म्हणजे ही एकटी बहीण, ती इंदूरला दिलेली. सकाळी फोन केला तशी ती पातळ घेऊन गाडीनं निघाली. सेंधव्याच्या घाटात ट्रक उलटला होता, रस्ता बंद. मालेगावच्या अलीकडं पोचेपर्यंत दिवस बुडाला. इकडं लोक ताटकळलेले. भाऊबंद म्हणाले, आता ठेवता यायचं नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी मान हलवली. शेजारणीनं दुकानातून आणलेलं हिरवं पातळ घातलं आणि तिला नेलं.

मेव्हणी आली तेव्हा आम्ही अमरधामहून येऊन आंघोळी करून बसलो होतो. तिनं पातळाची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. हिरवी महेश्वरी होती, लाल काठाची, पदराला पट्टे. "थांबला नाहीत," एवढंच म्हणाली. उजाडल्यावर निघून गेली. ती पिशवी मी कपाटात शालींच्या खाली सरकवली. असलं पातळ कोणी नेसत नाही. जिवंत माणसाचं ते नसतंच. अंगावर घालायचं राहिलं तर ते वर्षश्राद्धाला गोदावरीत सोडतात, मीही तेच मनाशी ठरवलं होतं. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती त्या वेळी आतल्या खोलीत पडून होती, आणि पुढं कधी तो विषय निघाला नाही. आता तिला सगळं ठाऊक आहे म्हणून मी लिहितो. ऐकून ती काय बोलली ते तिचं तिच्यापाशी.

तर इंदूरचं ठरलं. तिनं माझ्यासाठी पांढरे बूट आणि कसला तो चुरगळलेला शर्ट आणला. म्हणाली, तो चुरगळलेलाच चांगला दिसतो. मी म्हटलं, वर्ष झालेलं नाही. वर्षाच्या आत अंगाला नवा धागा लावायचा नाही. तिनं वाद घातला नाही. बूट परत खोक्यात ठेवले आणि म्हणाली, मग मी पण नवं घालणार नाही. मला बरं वाटलं. पोरगी शहरात राहते, पण मान ठेवते, असं वाटलं.

निघायच्या दिवशी मी माझी धुवट पँट, पांढरा सदरा आणि टोपी घातली. टोपीवर तिनं नाक मुरडलं. ओझरला गाडीतून उतरलो. विमानतळाच्या दाराबाहेर तिनं बॅग उघडली, वरचं एक कापड झटकलं आणि अंगात घातलं. गुडघ्याच्या वरपर्यंत आलेलं लांब जाकीट. हिरवं. बाह्यांच्या टोकाला लाल काठ. ती गर्रकन वळली, तर पाठीवर पदराचे पट्टे.

मी म्हटलं, हे कुठलं?

"नवं नाही पप्पा, घाबरू नका. आईच्या साडीचं आहे. शालींच्या खाली होती. घडीसुद्धा मोडली नव्हती बिचारीनं. पुण्यात शिवून घेतलं." तिनं बाही नाकाला लावली. "आई अंगावर आहे असं वाटतं."

वर्षाच्या आत नवं घालायचं नाही, हा नियम पाळायचा म्हणून पोरीनं ते पातळ कापलं होतं. तिनं लगेच मोबाइल माझ्या हातात दिला. पप्पा, एक फोटो काढा, पाठमोरा पण काढा, पट्टे दिसले पाहिजेत. मी बटण दाबून धरलं, सोडायचं सुचलं नाही. तिला वाटलं मला जमत नाही. म्हणाली, बोट धरून ठेवू नका, नुसतं टेकवा. आजूबाजूच्या दोन बाया थांबून बघायला लागल्या. एकीनं विचारलं, कुठून घेतलं? पोरगी म्हणाली, आईचं आहे. किती दिवसांनी मी तिला असं ताठ उभं राहिलेलं बघत होतो.

आणि तिकडं इंदूरला विमानतळाच्या दारात मेव्हणी उभी राहणार होती. पोरीनं तिला यायला सांगितलं होतं. त्या बाईनं स्वतः निवडून आणलेलं पातळ. ती लांबून ओळखणार. तिचं तोंड म्हणजे पट्टा. तिथंच सगळ्यांसमोर सुटली, की हे तुझ्या आईच्या मयताचं आहे, तर पोरीचं काय होईल? मी सांगावं, तरी तेच होणार.

मोठी बॅग काउंटरला दिली. मग तपासणीची रांग. कमरेचा पट्टा, पाकीट, मोबाइल, जाकीट, सगळं ट्रेमध्ये ठेवायला लावतात. बायकांची झडती पडद्याआड होते, तिला वेळ लागतो. मी आधी सुटलो. सरकत्या पट्ट्यावरून माझा ट्रे आला, मागून तिचा. मी माझा पट्टा घेतला, तिची पर्स आणि मोबाइल घेतला, आणि जाकीट तसंच ट्रेमध्ये ठेवून ट्रे रिकाम्या ट्रेंच्या मागं ढकलला. इथंच राहिलं तर राहिलं. हरवलं म्हणून रडेल, पण हरवल्याचंच रडेल.

तिथल्या जवानानं ते उचललं. "दादा, ये किसका है?"

मी मान हलवली. माझं नाही. त्यानं ते उंच धरून दुसऱ्यांना विचारलं. तेवढ्यात पोरगी पडद्यातून बाहेर आली आणि धावत येऊन तिनं ते त्याच्या हातातून घेतलं. मग माझ्याकडं बघितलं. हातात तिची पर्स, तिचा मोबाइल, आणि जाकीट तेवढं नाही.

"तुमच्या डोळ्यांसमोर होतं पप्पा."

मी म्हटलं, दिसलं नाही. ती खुर्चीवर बसली ती माझ्यापासून एक खुर्ची सोडून.

विमान छोटं. खिडकी तिनं मला दिली. मी काही खाली बघितलं नाही. म्हटलं, तुला उकडत नाही का? काढून ठेव वर. ती म्हणाली, एसी आहे. मी म्हटलं, तुझा तो काळा कोट बरा दिसतो तुला. तेव्हा ती माझ्याकडं वळली. हळू आवाजात, पण धारदार बोलली.

"आईचं काही मी घेतलेलं तुम्हाला चालत नाही का? तिची पोथी तुमच्याकडं, चष्मा तुमच्याकडं, डब्यातली सुई सुद्धा तुम्ही हलवू देत नाही. एक साडी घेतली, न विचारता घेतली, चुकलं. पण आता घेतली."

खरंच होतं ते. चष्मा अजून माझ्या उशाशी आहे. तिला वाटत होतं म्हातारा हावरेपणा करतोय. वाटू दे म्हटलं. हावरा बाप परवडला. ती बाहीचा काठ अंगठ्यानं चोळत बसली आणि म्हणाली, मावशीबरोबर याच्यात फोटो काढणार आहे, तिला दाखवायचंय. उतरेपर्यंत मी समोरच्या सीटचं कापड बघत राहिलो.

इंदूरला सामानाच्या पट्ट्याशी गर्दी होती. पोरीला म्हटलं, तू बॅग घे, मी बाहेर थांबतो. ती म्हणाली, एकदा बाहेर गेलात की आत सोडत नाहीत हां. मी म्हटलं, मला यायचंही नाही.

मेव्हणी कठड्याला धरून उभी होती. डोक्यावर पदर. जाड झाली होती, केस पिकले होते. कपाळ आणि डोळे मात्र हिच्यासारखे, ते बघून माझं मलाच सुधरेना. तिनं मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि माझ्या मागं नजर टाकली.

"पोरगी कुठंय?"

"बॅग घेतीये. ती यायच्या आत एक ऐक. तू आणलेलं पातळ तिच्या अंगावर आहे. जाकीट शिवलंय. ते कशाचं आहे तिला माहीत नाही. आईचं समजून घातलंय."

आता तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. त्या रात्रीनंतर पहिल्यांदा.

"मयताचं पातळ लेकीच्या अंगावर चढू दिलं, दाजी?"

"मला आज सकाळी दिसलं."

"मग काढायला नाही लावलं?"

"नाही लावलं. तू लाव, जमत असेल तर."

ती कठड्यावरचा हात काढून परत ठेवत होती. मग बोलली, आवाज न चढवता, ते जास्त वाईट होतं. म्हणाली, मी रस्त्यात जीव मुठीत धरून बसले होते, पिशवी मांडीवर, ड्रायव्हरला हात जोडले. तिच्या अंगाला माझं सूत लागलं नाही. आणि आता हे. तुम्ही तेव्हाही थांबला नाहीत.

मी म्हटलं, "नाही थांबलो. त्याचं मला काय बोलायचं ते बोल, जन्मभर बोल. पण तिला सांगणार असशील तर आत्ताच सांगून टाक. दोन दिवस पोटात ठेवून तिच्याशी वाकडं वागू नको. तिला कळणार नाही तिचं काय चुकलं."

काचेचं दार सरकलं. पोरगी आली, एका हातानं बॅग ओढत, दुसरा हात वर. जाकीट उन्हात आणखीच हिरवं दिसत होतं. मी मेव्हणीकडं बघितलं नाही. माझी हिंमतच झाली नाही. पोरीनं तिला मिठी मारली, मग दोन पावलं मागं सरली आणि पाठ करून उभी राहिली.

"मावशी, ओळख."

मेव्हणीनं हात पुढं केला आणि पाठीवरच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवली, एकेक पट्टा. शिवण कुठं आहे ते चाचपलं. दुकानात कापड घेताना बायका बघतात तसं.

"ओळखलं," ती म्हणाली. "मीच घेतलेलं आहे. तुझ्या आईला."

"तू? मग तिनं नेसलं कसं नाही? घडी पण मोडली नव्हती गं."

मी बॅगेचा दांडा माझ्याकडं ओढून घेतला.

"नेसायचं राहिलं," मेव्हणी म्हणाली. मग तिनं पोरीला खांद्याला धरून स्वतःकडं वळवलं, तिच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवले आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा वाजली. पोरगी हसली, म्हणाली, मावशी, दृष्ट लागण्याइतकं चांगलं झालंय का? मेव्हणी म्हणाली, बाह्या लांब केल्यात शिंप्यानं. बाकी चांगलं आहे.

भाड्याची गाडी होती. पोरगी पुढं बसली आणि ड्रायव्हरला पोहे कुठले चांगले ते विचारायला लागली. मागं मी आणि मेव्हणी, मध्ये तिची पिशवी. बराच रस्ता ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिकडं बघतच, ओठ न हलवल्यासारखं बोलली.

"वर्षश्राद्धाला मी आदल्या दिवशी येईन. दुसरं पातळ घेऊन. गोदावरीवर तुम्ही एकटे जायचं नाही."

मी "ये" म्हटलं. आणखी बोलायचं होतं, पण पुढच्या सीटवर ऐकू गेलं असतं.