बुलढाण्याचा समुद्र

माझ्या नणंदेनं आमच्या जिल्ह्यात समुद्र आणला तेव्हा ती सोळा वर्षांची होती आणि तिच्या हातात पोह्यांची बशी होती. खरा समुद्र बुलढाण्याहून इतका लांब, की आमच्या आळीत तो पाहिलेला माणूस एकच होता. त्यालाही विचारलं तर तो फक्त मुंबईच्या हॉटेलातल्या चहाबद्दल बोलायचा.

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. कचेरीचे हुकूम नागपूरहून यायचे आणि मुलींना स्थळं कुठूनही यायची, अगदी हिंदी मुलखातूनसुद्धा. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. नवरा नागपूरला वकिली शिकत होता, त्यामुळे घरात मी, सासूबाई, कचेरीत कारकून असलेले सासरे, म्हणजे मामंजी, आणि नणंद. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तरी रिवाजाप्रमाणे मी तिला वन्सं म्हणायची आणि रिवाजाप्रमाणे तिच्याशी भांडायची.

माघात खंडव्याचा एक शाळामास्तर मामाला घेऊन तिला बघायला आला. मामानं नेहमीचे प्रश्न विचारले: भाकरी थापता येते का, शिवण येतं का. मग मास्तरानं घसा खाकरला आणि भलतंच विचारलं, "तुमच्या जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे?"

वन्सं वर बघत म्हणाली, "समुद्र."

मामाला ठसका लागला.

"लोणारले आहे," ती पुढे म्हणाली. "खारं पाणी आहे. काठानं देवळं आहेत. मी त्याचं चित्र काढलं आहे."

"आणखी?"

"लोणारातच दैत्यसूदनाचं देऊळ. अन् रोहिणखेडची जुनी मशीद. त्यायचीबी चित्रं काढली आहेत."

मास्तर खुश झाला. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साखरपुड्याचं ठरवायला येऊ तेव्हा ती चित्रं जरूर बघू, असं म्हणाला. निघताना मामानं दारात जरा तिरकं विचारलं, मुलगी खरं सांगते ना? मामंजींनी छाती पुढे काढली. "माझी मुलगी खोटं बोलत नाही," ते म्हणाले.

दारामागे उभी राहून मी हे ऐकलं आणि पाहुणे जाताच वन्संला आत ओढलं. कारण वन्संनं जन्मात एकदा चिखली आणि दोनदा मलकापूर स्टेशन पाहिलं होतं. लोणार, रोहिणखेड हे तिनं शाळेत बाईंच्या तोंडून ऐकलेलं. आणि पेन्सिल धरली होती ती धोब्याकडच्या कपड्यांची यादी लिहायला.

"वन्सं, हे काय केलं?"

"मले काय माहीत वं! त्यानं विचारलं अन् तोंडातून समुद्रच निघाला." मग ती हळूच म्हणाली, "मले तो आवडला, वहिनी. त्यानं मले चालून दाखव नाही म्हटलं."

झालं. आखजीपर्यंत तीन चित्रं तयार पाहिजेत. नाहीतर हा मुलगा जाणार, वन्सं चार माणसांत खोटी ठरणार आणि मामंजींचा शब्द मातीत जाणार. मी रडकुंडीला आले. सासूबाईंना सगळं सांगितलं तर त्या हसत सुटल्या. इतक्या हसल्या की चुलीवरचं दूध उतू गेलं.

वाट त्यांनीच काढली. मामंजी देवाला मानायचे आणि नवसाला त्याहून भ्यायचे. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "लोणारच्या कमळजादेवीचा नवस फेडायचा आहे. पोरीले नेऊन येतो आम्ही."

"कधी बोलली होतीस?"

"ही पोटात होती तेव्हा."

"सोळा वर्षं झाली त्याले!"

"म्हणूनच तर घाई आहे."

मामंजींनी मान डोलावली आणि ताक मागितलं.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नसे. आमच्याकडची प्रवासी मोटर कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे हे मोठं पिंप, त्यात धगधगते कोळसे, आणि चढ आला की ड्रायव्हर सगळ्यांना खाली उतरवून ढकलायला लावायचा. सगळे उतरायचे, सासूबाई सोडून. "मी तिकीट काढलं आहे," त्या सांगायच्या. मेहकरच्या अलीकडच्या एका चढावर आम्ही सगळ्यांनी मिळून एक मोटर आणि एक सासू वर ढकलली. मेहकरला उतरलो तेव्हा तिघींची तोंडं काळी झाली होती. एकमेकींना बघून आम्ही धर्मशाळेच्या ओट्यावर लोळून हसलो. तिथून पुढे रेंगी केली, हलकी बैलगाडी असते ती.

लोणारला गाडीवाल्यानं कड्याशी नेऊन उभं केलं. खाली एवढा मोठा गोल खड्डा, कडेनं दाट झाडी आणि तळाशी हिरवंगार पाणी. वन्सं दोन पावलं मागे सरली. मला वाटलं, घाबरली. तिनं माझा दंड असा आवळला की वळ उठले. "वहिनी वं, मी खोटं नव्हती बोलली! हे खरंच आहे!"

मी जन्मात इतकी आनंदले नसेन. चित्र, मास्तर, मामंजी सगळं विसरून आम्ही पायवाटेनं धावत सुटलो. मोर ओरडत होते. सासूबाई बसत, घसरत, देवीला आणि आम्हाला आळीपाळीनं हाका मारत मागून आल्या. काठाशी उग्र वास होता.

"समुद्राचा वास असाच असते का?" वन्संनं विचारलं.

"असेल," मी म्हटलं.

देवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी खारट ते सासूचं, दुसरं गोड ते सुनेचं, असं लोक सांगतात. सासूबाईंनी दोन्हीकडचं ओंजळीनं चाखलं, माझ्याकडे रोखून बघितलं आणि निकाल दिला, "दोन्ही खारट आहे." मग देवीची ओटी भरली, खोटा नवस बोलल्याची खरी माफी मागितली, आणि काठावरचा खार खरवडून पापडांसाठी पदरात बांधून घेतला.

वन्सं पोळपाट मांडीवर घेऊन बसली. त्यावर कागद. पाण्याकडे बघायची, कागदाकडे बघायची, हात काही चालेना. शेवटी वैतागून ती म्हणाली, "मले रांगोळीशिवाय काहीच येत नाही." "मग तेच कर," मी म्हटलं. तिनं अंगणात देते तसे कागदावर ठिपके दिले. ठिपक्यांतून तळं उमटलं, ताटासारखं गोल. कडे झाले पाकळ्या. देवळं झाली पाकळ्यांच्या टोकावरचे दिवे. हिरवा रंग कपड्याची नीळ आणि हळद कालवून केला. मोरांना कुंकू लागलं, कारण दुसरा रंगच नव्हता. मला चित्रातलं काही कळत नाही. पण जे समोर होतं ते सगळं त्यात होतं आणि त्यातलं काहीच समोरच्यासारखं नव्हतं. मी बघतच राहिले. दैत्यसूदनाच्या देवळाचंही तसंच. दगडातल्या नाचणाऱ्या बाया तिच्या कागदावर फुगडी खेळायला लागल्या.

रोहिणखेडसाठी नवस उरला नव्हता. सासूबाईंनी मोताळ्याच्या मावसबहिणीला आजारी पाडलं. "लयच सिरीयस आहे," म्हणाल्या. राजूरचा घाट उतरून मोताळ्याला पोचलो तर आजारी बाई आठवडी बाजारात मिरच्यांच्या ढिगापुढे कमरेवर हात ठेवून भांडत होती. तिच्याकडे जेवलो, तिचीच गाडी घेतली आणि रोहिणखेडला गेलो.

मशिदीची देखरेख करणारे एक म्हातारे चाचा होते. आम्हाला बघून ते आधी गोंधळले, मग सावलीत सतरंजी टाकून दिली. वन्सं भिंतीवरची कोरलेली अक्षरं उतरवायला लागली. चाचा मागे येऊन उभे राहिले.

"बेटी, हे उजवीकडून सुरू होते. तू आखरीकडून निघाली."

"माझं सगळंच तसं आहे, चाचा. चित्रं आधी सांगितली, आता काढून राह्यली."

त्यांना सगळी हकीकत सांगावीच लागली. ते दाढी हलवत हसले आणि संध्याकाळपर्यंत तिच्या कागदावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरून उभे राहिले.

आखजी आली. मास्तर आणि मामा आले. सतरंजीवर तीन चित्रं मांडली. मास्तर गुडघ्यावर बसून किती तरी वेळ बघत होता. मी वन्संला कोपरानं ढोसलं, जिंकलीस म्हणून. तेवढ्यात मास्तरानं अगदी साधेपणानं विचारलं, "ही कधी काढली?"

तिला 'मागच्या वर्षी' म्हणता आलं असतं. मी मनातल्या मनात ओरडत होते, म्हण ना!

"तुम्ही येऊन गेल्यावर," वन्सं म्हणाली. "तेव्हा मी काहीच पाह्यलं नव्हतं. आता पाह्यलं."

मास्तर हसला. मामा हसला नाही. "कोणासंग हिंडली एवढी?" त्यानं विचारलं. "आईसंग," ती म्हणाली, आणि नवसासकट सगळं बाहेर आलं. साखरपुड्याचं राहिलं. घरी विचारून कळवतो म्हणाले आणि मास्तर घरच्यांना दाखवायला म्हणून चित्रं घेऊन गेला.  त्या दिवशी जेवताना मामंजींनी लोणारच्या खाराचा पापड ताटाबाहेर काढून ठेवला.

आठ दिवसांनी पत्र आलं. पत्रिका जुळत नाही. माघात जुळलेली पत्रिका वैशाखात कशी बिघडली ते लिहिलं नव्हतं. खाली मास्तरानं स्वतःच्या हातानं दोन ओळी घातल्या होत्या: चित्रे फारच सुरेख आहेत, शाळेत वर्गात लावली आहेत, मुलांना आवडली.

आता ही रडेल म्हणून मी पदर सरसावला. पण वन्सं लाल झाली होती. "नवरा ठेवा म्हणा तुमच्यापाशी!" ती भिंतीकडे बघून ओरडली. "माझी चित्रं काऊन ठेवून घेतली? मले पाह्याचं नाही अन् माझं तळं पाह्याचं?" सासूबाईंना हसू आवरेना, मलाही नाही. तीही हसायला लागली, पण भिंतीकडचं तोंड काही तिनं वळवलं नाही.

मामंजींनी पत्र दोनदा वाचलं. घडी करून खिशात ठेवलं. टोपी घातली, छत्री घेतली.

"मलकापूरची मोटर किती वाजता आहे?"

या माणसानं मुलाच्या लग्नालासुद्धा एकच दिवस रजा काढली होती. आता रजाही न मागता गेले ते तिसऱ्या दिवशी परत आले, धुळीनं भरलेले, काखेत कागदांची गुंडाळी. सासूबाईंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "खंडव्याले मास्तरचा वर्ग चालू होता. मी आत गेलो अन् काढून घेतली. मास्तर म्हणे, राहू द्या ना. मी म्हटलं, पोरगी नाही पाहिजे तर पोरीच्या हातचंबी नाही."

हातपाय धुऊन ते ओसरीवर बसले आणि त्यांनी चित्रं स्वतः पसरली. कोपऱ्यांना खिळ्यांची भोकं पडली होती. ती त्यांनी अंगठ्यानं दाबून सारखी केली. मग वन्संला हाक मारली. 

"याच्यातलं पाणी हिरवं काऊन आहे?"

"हिरवंच आहे ते, बाबा."

"खरंच?"

"देवाशपथ."

त्यांनी तळ्याच्या काठावरून बोट फिरवलं. "तीस वर्षं झाली मले कचेरीत," ते म्हणाले. "लोणार हे नाव किती कागदांवर लिहिलं असेल मी. तिथं एवढं पाणी आहे हे मले कोणी सांगितलंच नाही." मग त्यांनी मान वर केली. मुलीला काही मागताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

"मले दाखवशील?"

नकार आला तेव्हा न रडलेली वन्सं आता रडली.